आमचे स्वातंत्र्य ३९९ दिवस उशिरा आले

(इयत्ता चौथी, हजेरी क्रमांक १४)



१५ ऑगस्टला आपल्या शाळेत स्वातंत्र्यदिन थाटात साजरा झाला. प्रभातफेरी निघाली, पुढे लेझीम, मागे घोषणा, आणि वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत पताका. तिसरीच्या मुलांची कवायत झाली. सरपंचांनी झेंडा फडकवला आणि सर्वांना बुंदी वाटली. हे सगळे तुम्ही पाहिलेलेच आहे, म्हणून मी परत लिहीत नाही. गुरुजी म्हणाले, "सगळ्यांनी बुंदीवरच लिहिलं तर भिंत पुरायची नाही. तुला जो प्रश्न पडला असेल त्यावर लिही."

मला पडलेला प्रश्न असा. आपल्या शाळेत झेंडा वर्षातून चार वेळा का लागतो? माझा मावसभाऊ पुण्याला असतो. त्याच्या शाळेत तीनच वेळा लागतो, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. आपल्याकडे चौथा १७ सप्टेंबरला. मावसभाऊ मला म्हणाला, "तुमच्याकडं काहीतरीच असतं." मला उत्तर देता आले नाही म्हणून फार राग आला.

दुसरा प्रश्न घरातला आहे, आणि खरे म्हणजे तोच मोठा आहे. यंदा गुरुजींनी सांगितले होते की १५ ऑगस्टला प्रत्येकाने आपल्या घरातले सर्वांत वडील माणूस आणावे, त्यांना पुढे खुर्चीवर बसवायचे आहे. आमच्या घरात पणजी सर्वांत वडील आहे. ती नव्वदीला टेकली, पण काठी घेऊन चालते आणि तिला ऐकू चांगले येते. मी तिला दोन दिवस आधीपासून सांगत होते. ती म्हणाली, "तू जा बाई. पंधराला मी न्हाई येत." मग कितीही ओढले तरी उठली नाही.

शाळेत माझ्या नावाची खुर्ची रिकामी राहिली. एक मुलगा म्हणाला, "हिच्या पणजीला झेंडा आवडत नाही." बाकीचे हसले. (त्या मुलाने नंतर माझी माफी मागितली आहे, म्हणून मी नाव लिहीत नाही.) मी रडले नाही, पण राष्ट्रगीत म्हणताना माझा आवाज नीट निघाला नाही. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचे असते. मला त्या दिवशी ते लई लांब वाटले.

संध्याकाळी पणजी मुगाच्या शेंगा सोलत बसली होती तेव्हा मी तिला विचारले. तिने सगळे सांगितले. पण तिचे सांगणे समजायला आधी गुरुजींनी सांगितलेला इतिहास पाहिजे. म्हणून तो पहिल्यांदा लिहिते.

आपला भारत देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. त्या दिवशी शुक्रवार होता. पंडित जवाहरलाल नेहरू पहिले पंतप्रधान झाले. मला वाटायचे की लाल किल्ल्यावर झेंडा पण त्याच दिवशी लागला. तसे नाही. पहिल्या वर्षी तो १६ ऑगस्टला लागला, आणि पुढच्या वर्षापासून १५ ला लागू लागला.

पण बालमित्रांनो, त्या दिवशी आपले गाव स्वतंत्र झाले नव्हते! इंग्रजांच्या काळी देशात साडेपाचशेच्या वर संस्थाने होती. तिथे राजे आणि नवाब राज्य करीत. इंग्रज गेल्यावर बहुतेक संस्थाने भारतात आली. हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली खान मात्र आला नाही. त्याला आपले राज्य वेगळे ठेवायचे होते. त्याचे संस्थान फार मोठे होते. त्यात १६ जिल्हे होते, तेलंगणाचे ८, मराठवाड्याचे ५ आणि कर्नाटकाचे ३. दीड कोटीच्या वर माणसे राहत होती. मराठवाड्याचे पाच जिल्हे म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. आता आठ आहेत, कारण मागाहून १९८१ ला जालना, १९८२ ला लातूर आणि १९९९ ला हिंगोली वेगळा झाला. औरंगाबादचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव आहे. आपला जिल्हा धाराशिव.

म्हणजे पलीकडे सोलापूर जिल्ह्यात लोक झेंडा लावून पेढे वाटत होते, आणि बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आपल्या गावात तो झेंडा नुसता घरात ठेवला तरी शिपाई धरून नेत होते.

लोक गप्प बसले असे समजू नका. निजामाच्या राज्यात स्टेट काँग्रेस नावाची संघटना निघाली, तिच्यावर १९३८ मध्ये बंदी घातली. ती बंदी १९४६ पर्यंत होती. १९३८ मध्येच औरंगाबादच्या कॉलेजातल्या मुलांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हटले. त्यांना मनाई केली तरी ती ऐकेनात. मग हैदराबादची मुले पण म्हणू लागली. शेकडो मुलांची नावे कॉलेजातून काढून टाकली. तेव्हा नागपूरच्या विद्यापीठाने त्यातल्या पुष्कळांना आपल्याकडे घेतले. त्यांत पी. व्ही. नरसिंह राव पण होते, ते पुढे भारताचे पंतप्रधान झाले. आपण रोज परिपाठाला गाणे म्हणतो तेव्हा मागच्या रांगेतले काहीजण तोंड हलवीत नाहीत. गाण्यासाठी शाळा सोडावी लागली असती तर त्यांनी काय केले असते कोण जाणे.

या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ होते. त्यांचे आधीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. ते आपल्या गुरुजींसारखेच शिक्षक होते, आणि आपल्याच जिल्ह्यात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवायला होते. मागून ते अंबाजोगाईच्या शाळेत गेले. निजामाने त्यांना कितीतरी वेळा तुरुंगात टाकले. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. माझा मामा तिथेच शिकला, पण त्याला मी विचारले तर स्वामीजी शिक्षक होते हे त्याला माहीत नव्हते.

१९४७ च्या नोव्हेंबरात निजामाने भारताबरोबर 'जैसे थे' करार केला. म्हणजे वर्षभर आहे तसेच चालू द्यायचे. पण तसे चालले नाही. कासीम रझवी नावाचा लातूरचा वकील होता. तो रझाकारांचा म्होरक्या झाला. रझाकार गावे लुटू लागले, घरे जाळू लागले. पुष्कळ लोक गाव सोडून सोलापूर, बार्शीकडे हद्दीच्या पलीकडे पळाले. तिथे हद्दीवर कॅम्प होते. तरुण माणसे कॅम्पात राहून रात्री इकडे येत आणि निजामाच्या चौक्यांवर हल्ले करीत.

इथे गुरुजींनी एक गोष्ट मुद्दाम लिहायला सांगितली आहे. सगळे मुसलमान रझाकार नव्हते. हैदराबादेत शोएब उल्ला खान नावाचे संपादक होते. त्यांचे 'इमरोज' नावाचे उर्दू वर्तमानपत्र होते. हैदराबाद भारतात गेले पाहिजे असे त्यांनी छापले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा रस्त्यात खून केला. ते तरुण होते.

शेवटी सरदार वल्लभभाई पटेलांनी सैन्य पाठवले. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे सैन्य सोलापूरकडून आत शिरले. पहिली लढाई आपल्या जवळच, नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा पूल सैन्याने शाबूत धरला, म्हणून पुढे जाता आले. त्याच दिवशी दुपारी ते उमरग्याला पोचले. पाच दिवसांत निजाम शरण आला. तो दिवस १७ सप्टेंबर १९४८. याला पोलीस अ‍ॅक्शन म्हणतात. रणगाडे होते तरी पोलीस का म्हणतात असे मी विचारले. गुरुजी म्हणाले की ही दोन देशांची लढाई नव्हे, आपल्या घरातलीच गोष्ट आहे, असे सरकारला दाखवायचे होते.

गुरुजींनी आम्हाला गणित घातले. १५ ऑगस्ट १९४७ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत दिवस किती? वर्गात पुष्कळांचे उत्तर ३९८ आले. कारण १९४८ हे लीप वर्ष होते आणि फेब्रुवारीचा २९ वा दिवस ते विसरले. बरोबर उत्तर ३९९ आहे. माझे बरोबर आले होते. ३९९ ला ७ ने भागले तर ५७ वेळा पूर्ण जातात आणि बाकी शून्य उरते. म्हणून १७ सप्टेंबरला पण शुक्रवारच होता! देशाचे स्वातंत्र्य शुक्रवारी आले, आणि आपले ५७ आठवड्यांनी शुक्रवारीच आले.

आता पणजीची हकीकत. पणजीचे माहेर आणि सासर याच गावात आहे, मध्ये फक्त मारुतीचे देऊळ. ती तेव्हा दहा वर्षांची होती. ती बोलली तसेच मी लिहिते. वडिलांना ती दादा म्हणते.

"तवा मी तुझ्याएवढी व्हते. दादानं बार्शीवरनं झेंडा आणलता. सदऱ्याच्या आत पोटाला गुंडाळून. आईला म्हणला, पंधराला पहाटं मारुतीवर लावायचा. अजून दोघंजण व्हते त्याच्यासंगं. कुणीतरी जाऊन सांगितलं. कुणी ते अजून कळलं न्हाई, आन आता कळून काय करायचं. चौदाच्या रातीला पाऊस व्हता. कुत्री भुंकायला लागली. आईनं ओळखलं. कोपऱ्यात वाकळ पडलीती, तिची कड उसवलीती. आईनं झेंडा त्या कडंतनं आत सारला आन मला म्हणली, बस हिच्यावर, लहान्याला मांडीवर घे, उठू नको."

मग शिपाई आले. त्यांनी कणगी उपसली, उतरंड फोडली, चुलीतली राख उकरली. एकाने पणजीकडे पाहिले. पणजीने काय केले असेल? तिने लहान भावाला चिमटा काढला. तो जोरात रडायला लागला. शिपाई वैतागला आणि बाहेर गेला.

"झेंडा त्यांस्नी गावला न्हाई. पण दादाला नेलं. दिवस उजाडायच्या आत. आम्ही उंबऱ्यावर उभ्या. ती पंधरा तारीख. आठ दिसांनी सोडलं तवा त्याचा डावा पाय भुईला टेकत नव्हता. तसाच चार दिस राहिला आन रातचा निघून कॅम्पात गेला."

मी विचारले, "आणि झेंडा?"

"झेंडा वाकळंतच. आईनं कड शिवून टाकली. तेरा महिने आम्ही ती वाकळ पांघरली. रझाकार दोनदा गावात आले, तवा बी ती अंगावरच व्हती. आईनं एका कोपऱ्याला तांबडा दोरा घातलता. रोज रातीला दिव्याच्या उजेडात ती दोरा बघायची. झेंड्याची बाजू डोसक्याकडं यावी म्हणून. पायाकडं येऊ देत नव्हती."

हे ऐकून मला भीती वाटली. कारण आपल्याला शिकवले आहे की राष्ट्रध्वज अंगावर पांघरायचा नसतो, अंथरायचा नसतो, तो जमिनीला लागू द्यायचा नसतो. पणजीने तर त्याच्यावर बसून घेतले होते! दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना हळूच विचारले की हे लिहिले तर चालेल का. गुरुजी जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिही. जसं सांगितलं तसंच लिही."

आणखी एक. पणजी म्हणाली की झेंड्याच्या मध्ये चरखा होता. मी म्हणाले, "आजी, चक्र असतं, तू विसरलीस." ती चिडली. "म्या तेरा महिने त्याच्यासंगं निजले, मला सांगती व्हय!" गुरुजींना विचारल्यावर पणजीच बरोबर निघाली. स्वातंत्र्याच्या लढ्यातल्या तिरंग्यावर चरखाच होता. अशोकचक्र असलेला आताचा झेंडा घटना समितीने २२ जुलै १९४७ ला ठरवला, म्हणजे स्वातंत्र्याच्या फक्त २४ दिवस आधी. चक्राला आरे पण २४ च आहेत, म्हणून मला हे पाठ राहिले. खेड्यापाड्यांतून नवा झेंडा लगेच कुठून मिळणार? मी पणजीला जाऊन तूच बरोबर होतीस असे सांगितले. ती म्हणाली, "मग!"

१३ सप्टेंबरच्या पहाटे पणजीला ढग गडगडल्यासारखा आवाज आला. आईने अंगणातले सरपण आत घेतले, पाऊस येतो म्हणून. पाऊस आला नाही. तो आवाज नळदुर्गच्या तोफांचा होता. पुढे चार-पाच दिवसांनी निजाम शरण आल्याचे कळले, आणि त्याच्या नंतर दादा परत आले, काठी टेकत.

"आईनं दातानं दोरा तोडला आन झेंडा भाईर काढला. चुरगाळलेला. धुराचा वास, आन लहान्याच्या मुताचा बी." (हे वाक्य मी खोडले होते. पणजी म्हणाली, ऱ्हाऊ दे, खरं हाय.) "आईनं हिरीवर नेऊन धुतला. दादाला दम निघंना. वलाच वेळूच्या काठीला बांधला आन मारुतीवर चढवला. समदं गाव खाली जमलं. पण वला झेंडा हालतोय व्हय? काठीला चिकटून बसला. कुणी घरी गेलं न्हाई. उन्हं वर येस्तोवर समदे मान वर करून बसले. मग वाळला, आन एकदम हालला."

तिथे पणजी थांबली आणि शेंगा सोलू लागली. मी पण सोलल्या.

तिने अजून एक सांगितले ते लिहायचे राहिले. दादाला नेले त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती. शेजारच्या चाचीने पदराखाली झाकून भाकरी आणून दिल्या. पोलीस अ‍ॅक्शन झाल्यावर काही गावांत उलटे झाले, निरपराध मुसलमानांना लोकांनी मारले, लुटले. तेव्हा पणजीच्या आईने चाचीला आणि तिच्या लेकरांना आमच्या माळवदाच्या घरात पंधरा दिवस ठेवून घेतले. त्या चाचीची पणती आता दुसरीत आहे. तिलाही हे माहीत नव्हते, परवा मी सांगितले.

आता मावसभावाला उत्तर देता येते. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्त झाला, म्हणून आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन पाळतो. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली. आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले. त्याच्या आधी, १९५६ पर्यंत, आपण हैदराबाद राज्यातच होतो. तेलंगणात आणि कर्नाटकाच्या कलबुर्गी, बिदर, रायचूर भागात पण १७ सप्टेंबरला झेंडा लागतो, कारण ते पण निजामाकडेच होते. गोव्याला तर आपल्याहून जास्त थांबावे लागले. तिथे पोर्तुगीज होते ते १९ डिसेंबर १९६१ ला गेले. हे सगळे मी मावसभावाला पत्राने कळवले आहे. अजून उत्तर आले नाही.

झेंड्याची थोडी माहिती देते, कारण यंदा १७ सप्टेंबरला झेंडा बांधायचे काम चौथीकडे आहे आणि चार मुलांत माझे नाव आहे.

आपल्या शाळेचा झेंडा खादीचा आहे, तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद. कोणताही राष्ट्रध्वज घ्या, लांबी तीन भाग आणि रुंदी दोन भाग, असेच प्रमाण असते. २०२१ च्या शेवटापासून पॉलिस्टरचा आणि यंत्रावर केलेला झेंडा पण चालतो. खादीचे राष्ट्रध्वज कर्नाटकात हुबळीला आणि आपल्या मराठवाड्यात नांदेडला तयार होतात. नांदेडच्या झेंड्याचे कापड उदगीरला विणतात. पणजीला हे सांगितल्यावर तिने दोनदा विचारले, "आपल्या हितं? नांदेडला?" तिच्या दादाला तो बार्शीवरून पोटाला गुंडाळून आणावा लागला होता ना.

झेंडा वर नेताना झपाझप न्यायचा आणि उतरवताना सावकाश. केशरी रंग वर. फाटलेला, मळका झेंडा लावायचा नाही, आणि तो उकिरड्यावर टाकायचा नाही. तो एकीकडे नेऊन मानाने जाळतात. १५ ऑगस्टला कार्यक्रम संपल्यावर आम्ही मैदानातून ३१ कागदी झेंडे वेचले. पालकांनो, लहान मुलांच्या हातात झेंडा देता तर घरी गेल्यावर तो परत मागून घ्या. मुले बुंदी खाताना तो खाली टाकतात. माझ्या भावाने पण टाकला होता.

झेंड्यात फुले घालून घडी करतात आणि दोरीने सुरगाठ मारतात. सुरगाठ म्हणजे एक टोक ओढले की सुटते ती. निरगाठ बसली की संपले, पाहुणे ओढतच राहतात आणि झेंडा उघडत नाही. आम्ही सराव टॉवेलवर करतो, कारण खरा झेंडा सरावाला घ्यायचा नाही. पहिल्या दिवशी मी मारलेली गाठ निरगाठ झाली. गुरुजींनी ओढले, हेडमास्तरांनी ओढले, टॉवेल काही सुटेना. शेवटी सहावीतल्या एका मुलाला खांबावर चढवावे लागले. तेव्हापासून मी रोज दावणीच्या दोरीवर वीस वेळा सराव करते. म्हैस पण कंटाळली आहे. परवापासून वीसच्या वीस सुटतात. पणजी ओट्यावरून बघते आणि म्हणते, "घाई करू नको. आमचा बी लगेच हालला नव्हता."

शेवटचा प्रश्न राहिला. मी पणजीला विचारले, "मग तू पंधराला का येत नाहीस?" ती म्हणाली, "पंधराला मला घर सोडवत न्हाई बाई. पहाटं जाग येती आन उंबऱ्यावर दादाला नेल्यालं दिसतं. मी सतराला येते की दर साली."

मी म्हणाले की मी तुला कधी पाहिले नाही. ती म्हणाली, "तू रांगेत म्होरं तोंड करून असती. मी मागं लिंबाखाली उभी असते." चार वर्षे ती माझ्या मागे उभी होती आणि मला कळले नाही. १७ तारखेला खुर्च्या मांडत नाहीत, कारण माणसे थोडी येतात.

तरी सर्वांना कळवते. १७ सप्टेंबरला सकाळी ध्वजवंदन आहे. ज्यांच्या घरात त्या वेळची माणसे आहेत त्यांनी त्यांना घेऊन यावे. लिंबाखाली सावली चांगली असते. पणजीसाठी आमच्या घरची खुर्ची मी आदल्या दिवशीच आणून ठेवणार आहे. तिचा एक पाय डुगडुगतो, तेवढा कुणी त्याच्याखाली दगड लावायला मदत करा.